मनुकांचं पाणी

महिन्याचा पहिला रविवार आला की आदल्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात बेदाणे भिजत पडत. तासगावात बेदाण्यांचं अप्रूप कुणालाच नव्हतं. द्राक्षांचा हंगाम सरत आला की गावाबाहेरच्या शेडमध्ये जाळ्यांवर माल वाळायला पडे आणि वारा फिरला की त्याचा गोड, जरासा आंबूस वास घरातल्या उशांपर्यंत येई. आई त्यातल्याच एका शेडमध्ये बेदाणे निवडायला जायची. काड्या खुडायच्या, खडे काढायचे, डागी माल बाजूला करायचा. हंगामाच्या शेवटी मालक निवडणाऱ्या बायकांना पिशवीभर बेदाणे देई. त्यातले चांगले आई पत्र्याच्या डब्यात भरून फळीवर ठेवायची आणि त्या डब्याला मी कधी हात लावला नाही. तो देवळाचा, म्हणजे आमच्या चर्चचा, डबा होता.

त्या बेदाण्यांत ती मूठभर काळ्या मनुका टाकायची, रंगासाठी. वरून कढत पाणी ओतून झाकण ठेवायची. संध्याकाळपर्यंत सगळं टपोरं फुगे. मग पदर खोचून, दोन्ही हातांनी कुस्करून ती पाणी मलमलीतून गाळे, एक उकळी आणे आणि गार करत ठेवी. आमच्या मंडळीत दारू निषिद्ध होती, त्यामुळे प्रभुभोजनाच्या विधीत द्राक्षारसाच्या जागी हे मनुकांचं पाणी असे. मलमलीत उरलेला चोथा गूळ घालून शिजवला की दाट, तपकिरी मुरंबा होई. तो रविवारी संध्याकाळी पोळीवर मिळायचा. मेजावरच्या पेल्यांत जे जायचं आणि माझ्या पोळीवर जे यायचं ते एकाच पातेल्यातून आलेलं असे. यात काही विशेष आहे असं तेव्हा वाटलं नाही. आता मी शहरातल्या ज्या चर्चला जाते तिथं बाटलीबंद रस असतो, प्लॅस्टिकच्या इवल्या पेल्यांतून. चवीला चांगला आहे. चोथा मात्र उरत नाही.

तासगावचं आमचं देऊळ म्हणजे कौलं घातलेली एक लांबट खोली. मंडळी थोडी, सगळे एकमेकांच्या घरातलं जाणून असलेले. पाळकसाहेब महिन्यातून एकदा मिरजेहून एसटीनं येत. पप्पा एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि मंडळीत पंच. औषध मोजायचे काचेचे छोटे पेले त्यांनी डॉक्टरांकडून देवळासाठी मागून आणले होते. त्यांवर मापाच्या रेघा होत्या. शनिवारी पप्पा ते उकळत्या पाण्यातून काढत, पुसून दवाखान्यातल्याच एका स्टीलच्या ट्रेमध्ये मांडत आणि रविवारी उपासनेत तो ट्रे घेऊन बाकांमधून फिरत. भाकरीची थाळी दानिएलकाकांकडे असे. ते निवृत्त मास्तर, मंडळीतले दुसरे पंच. भाकरी म्हणायची एवढंच; असे ती आईनं लाटलेली बिनमिठाची चपाती.

पप्पांनी मला धर्म शिकवला तो जेवणाच्या ताटावर. घरात एक नियम होता: भांडण घेऊन जेवायला बसायचं नाही. ज्याची चूक असेल त्यानं ताटावर बसण्याआधी दुसऱ्याला 'सलाम' म्हणायचं. सलाम हा आमच्या लोकांचा रोजचाच नमस्कार. चूक कुणाची हे ठरत नसेल तर दोघांनी एकदम म्हणायचं. आई आणि पप्पांचे वाद स्टोव्हच्या पिनेवरून, दवाखान्यातून यायला झालेल्या उशिरावरून होत. मग ताटांतल्या आमटीवर वाफ असताना दोघं समोरासमोर उभी राहून एकदम 'सलाम' म्हणत आणि आई हसू दाबत भात वाढायला वाके. एकदा मी रुसून तो शब्द उच्चारायला तयार नव्हते. पप्पा रागावले नाहीत. त्यांनी माझं ताट झाकलं आणि शेजारी स्वतःचंही झाकून ठेवलं. दोन झाकलेल्या ताटांकडं बघत आम्ही बसलो. त्या दिवशीची मेथीची भाजी गार झाल्यावर कशी लागली ते मला अजून आठवतं.

हा नियम पप्पांना एकाच माणसाच्या बाबतीत पाळता येत नव्हता. ते माणूस म्हणजे माझी आत्या.

आत्या पप्पांची थोरली बहीण, वडूजजवळच्या एका गावात दिलेली. पप्पांचे वडील लवकर गेले, तेव्हा त्यांची आई शेतावर जायची आणि आत्या पप्पांना कडेवर घेऊन फिरायची. पुढं मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकताना पप्पा ख्रिस्ती झाले. घरात बोलाचाली झाली, पण आत्यानं एका वाक्यात विषय संपवला होता. ते वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं वापरलं जाई: "द्येव बदललास, बरं झालं. बहीन बदलू नगंस." दर दिवाळीत ती बाजरीचं पीठ आणि शेंगा घेऊन यायची, पप्पांना पाटावर बसवून ओवाळायची. पप्पा पंच असूनही मान खाली घालून बसत. दानिएलकाकांनी एकदा त्यावर हटकलं तर म्हणाले, "मास्तर, ती देवाला नाही ओवाळत. मला ओवाळते."

आजी, म्हणजे पप्पांची आई, शेवटची वर्षं आमच्याकडं होती. म्हातारपणी तिनं स्वतःहून बाप्तिस्मा मागून घेतला. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी देवळात जाऊन बसे आणि मनुकांचं पाणी पिऊन झालं की पेला उलटा धरून शेवटचा थेंब जिभेवर घेई. उन्हाळ्यात मात्र तिला लेकीकडं जायचं असे. अशाच एका उन्हाळ्यात ती तिकडं गेली आणि तिकडंच वारली. निरोप पोचायला वेळ लागला. पप्पा मला घेऊन निघाले, एसटी बदलत आम्ही पोचलो, तेव्हा लोक ओढ्यावरून अंघोळ करून परतत होते. दहन झालं होतं.

आत्या दारात उभी होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"थांबायचं होतंस," पप्पा म्हणाले.

"ह्या उनात? कवर थांबायचं? तू येनार एसटीनं."

"आई ख्रिस्ती होती, अक्का. तिला पुरायचं होतं. मी जागा बघून ठेवली होती."

"ती माजी बी आई हुती."

आत्यानं तांब्या पुढं केला. लांबून आलेल्या माणसानं दारातलं पाणी घेतलं नाही तर त्याचा अर्थ काय होतो हे त्या भागात पोरासोरांनाही कळतं. पप्पांनी घेतलं नाही. ते वळले आणि मला घेऊन फाट्यापर्यंत चालत आले.  वाटेत मला तहान लागली. पाणी मी मागितलं नाही.

त्या दिवाळीत आत्या आली नाही. ईस्टरच्या पहाटे मंडळी कबरस्तानात जमायची. जो तो आपल्या माणसांच्या कबरींना चुना लावायचा, झेंडू वाहायचा, मेणबत्त्या लावायचा. आमचं तिथं कुणीच नव्हतं. पप्पा बादली घेऊन दुसऱ्यांच्या कबरींना चुना लावत आणि भिंतीजवळच्या एका मोकळ्या जागेतलं गवत उपटून येत.

आणि पप्पांनी प्रभुभोजन घेणं थांबवलं. मनात तंटा ठेवून मेजाजवळ जायचं नाही, आधी तो मिटवायचा, ही येशूची शिकवण आमच्याकडं सगळ्यांना पाठ होती. पाळणारे मात्र थोडे. पप्पा पाळत होते. ट्रे ते नेहमीसारखा फिरवत, सर्वांना पेले देत. आमच्याकडं पेला मिळाला की लगेच प्यायची पद्धत नव्हती. सगळ्यांना मिळेपर्यंत हातात धरून ठेवायचा, शेवटी पाळकसाहेब पंचांना देत आणि मग सगळे एकदम पीत. पाळकसाहेब ट्रे पुढं करत तेव्हा पप्पा मान हलवत. दर महिन्याला एक पेला भरलेला परत येई. आई तो तुळशीसारख्या दिसणाऱ्या सब्जाच्या कुंडीत ओतायची. "दुसऱ्याचं ताट झाकणं सोपं असतं," ती मला एकदा म्हणाली. "यांनी आपलंच झाकलंय, आणि उघडायला कुणी नाही."

मी नववीत असताना माझं दृढीकरण ठरलं. आमच्यात लहानपणी बाप्तिस्मा होतो. कळत्या वयात मंडळीसमोर उभं राहून आपल्या तोंडानं विश्वास कबूल करायचा आणि त्या दिवशी पहिलं प्रभुभोजन घ्यायचं. प्रश्नोत्तरं मला पाठ होती. मला चिंता एकच होती. मी पेला हातात धरून बसणार, सगळे पिणार, आणि पप्पांचा भरलेला पेला ट्रेमध्ये तसाच राहणार. मी धीर करून विचारलं, "पप्पा, त्या दिवशी माझ्याबरोबर घ्याल ना?"

"बघू," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी 'बघू' म्हणजे 'नाही'.

आईनं ते ऐकलं.  दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तिनं हौसाबाईला गाठलं. हौसाबाई आत्याच्याच गावची. तिकडच्या, खटाव तालुक्यातल्या बऱ्याच बायका हंगामात द्राक्षांच्या कामाला तासगावला येत, तशी आलेली आणि आता घरी निघालेली. आईनं तिच्याकडं निरोप दिला: पोरीचं देवळात कार्य आहे, आत्या पाहिजे. पप्पांना तिनं सांगितलं नाही.

शनिवारी दिवस कलताना आत्या आली. डोक्यावर पिठाचं गाठोडं, काखेत पिशवी. पिशवीत माझ्यासाठी हिरवा खण आणि बांगड्या होत्या. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरून बघितलं. माझं नाव रूथ. आत्या मला रुता म्हणायची. "रुते, लय उंच झालीस गं. बापाच्या वरताण." मग तिची नजर पातेल्याकडं गेली. आई मनुका कुस्करत होती.

"कुनाला ताप आलाय?"

"ताप नाही, अक्का. उद्याच्या उपासनेचं आहे," आई म्हणाली. आमच्याकडं तापातून उठलेल्या पोराला मनुकांचं पाणी देतात, म्हणून तिनं विचारलं असावं असं मला वाटलं. आत्या बराच वेळ त्या पातेल्याकडं बघत राहिली.

पप्पा दवाखान्यातून आले, चपला काढता काढता त्यांनी तिला पाहिलं आणि आईला विचारलं, "पाहुण्यांना चहा दिला का?"

"पाव्हनी चा घेत न्हाई," आत्या भिंतीकडं बघून म्हणाली. "ज्येनं माज्या दारचं पानी घेतलं न्हाई त्येच्या घरचा चा मी कशाला घिऊ?"

"आवं अक्का, जेवायचं तरी—" आई म्हणाली.

"भाकरी आनलीया मी बांदून."

तिनं खरंच आपली भाकरी, ठेचा आणि तांब्या आणला होता. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावर जाऊन तिनं तांब्या भरून आणला. मी तिच्या मागं गेले होते. घरात पाणी असताना इथं का, असं मी विचारलं तर म्हणाली, "ह्ये गावचं हाय. तुज्या बापाचं न्हाई." त्या रात्री आमच्या घरात तीन ताटं मांडली गेली, आणि चौथं माणूस उंबऱ्याजवळ फडक्यावर जेवलं. पप्पांनी प्रार्थना केली. ती नेहमीपेक्षा आखूड होती.

रविवारी आत्या आमच्याबरोबर देवळात आली. दारातच तिनं भेटेल त्याला राम राम घातला आणि लोकांनी सलाम केला. ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, डोक्यावर पदर घेऊन बसली. मी आणखी दोघांबरोबर पहिल्या बाकावर होते. माझी प्रश्नोत्तरं नीट झाली. मग भाकरी फिरली. दानिएलकाकांनी आत्याजवळ थाळी मागं घेतली आणि ते पुढं सरकले. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाला प्रभुभोजन देत नाहीत. त्यांचं बरोबरच होतं.

"मला वगळलं व्हय, मास्तर?" आत्यानं विचारलं. तिला हळू बोलता येत नसे.

"बाई, हे फक्त आमच्या..."

"असू द्या, असू द्या."

आता पप्पा ट्रे घेऊन निघाले. मला पेला मिळाला. तो हातात धरून मी मान वळवून मागं बघत राहिले. ते शिस्तीला सोडून होतं. पुढं वर्तमानपत्राच्या नोकरीत मी शेकडो घटना लिहिल्या, बहुतेक इतरांच्या सांगण्यावरून. ही माझ्या डोळ्यांसमोर झाली. त्या वेळी आत्या नेमकं काय म्हणाली याबद्दल मंडळीत दोन मतं होती. मी ऐकलं ते इथं लिहिते.

पप्पा शेवटच्या बाकापाशी आले आणि थांबले. आत्यानं पेल्याला हात लावला नाही. तिच्या गावच्या देवळात तीर्थ घेतात तसा उजव्या हाताचा तळवा खोलगट करून तिनं पुढं केला, खाली डावा हात धरला.

"अक्का," पप्पा हळू म्हणाले, "हे तुला..."

"तुज्या घरचं न्हाई घेत मी. पर ह्ये तुजं न्हवं. घाल."

पप्पा हलले नाहीत. सगळ्यांच्या हातांत भरलेले पेले होते आणि कुणालाच पिता येत नव्हतं.

"आईनं शेवटाला ह्येच मागितलं," आत्या म्हणाली. "लेकाच्या देवळातलं पानी दी म्हनली. मी कुठनं आनू? तू दिल्याल्या मनुका हुत्या डब्यात, त्या भिजवल्या. असंच हातावर घिऊन तिच्या तोंडात सोडलं. तू न्हवतास. तुज्या वाटचं मी घातलं. आता मला घाल."

पप्पांनी ट्रे बाकावर ठेवला. एक पेला उचलला आणि तिच्या तळव्यावर ओतला. सगळा ओतला. तिनं ते पिऊन टाकलं आणि ओला हात पदरावरून डोक्याला पुसला.

पप्पा पुढं आले ते सावकाश. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी रीतीप्रमाणे ट्रे पुढं केला. पप्पांनी पेला घेतला. मग आम्ही सगळे एकदम प्यालो. मनुकांच्या पाण्याची चव मला लहानपणापासून माहीत होती. ती तशीच होती.

घरी पोचल्यावर पप्पा उंबऱ्यावर थांबले. आत्या मागून येत होती. ते तिच्याकडं वळले आणि म्हणाले, "सलाम, अक्का."

"राम राम," आत्या म्हणाली. "आता पानी दी. त्या नळाला लय क्लोरीन हाय बाबा."

दुपारी पाळकसाहेब आणि दानिएलकाका आमच्याकडं आले. पाळकसाहेब भले गृहस्थ होते. नियम मोडला हे त्यांनी सौम्यपणे सांगितलं आणि पप्पांनी काही काळ ट्रे फिरवू नये असं ठरलं. पप्पा "बरं" म्हणाले. त्यांनी खुलासा दिला नाही आणि चूक झाली असंही म्हटलं नाही. इतके दिवस ते ट्रे फिरवत होते आणि पीत नव्हते. आता ते माझ्या शेजारी बाकावर बसत, आणि पीत. त्या संध्याकाळी चोथ्याच्या मुरंब्याला पोळ्या कमी पडल्या, म्हणून आत्यानं बाजरीच्या भाकरी थापल्या. भाकरीबरोबर तो जास्त चांगला लागतो.

पुढच्याच आठवड्यात पप्पा मला घेऊन वडूजला जाणाऱ्या एसटीत बसले. आत्याच्या दारात त्यांनी तांब्या घेतला, उभ्यानं संपवला आणि पुन्हा भरून मागितला. मग आत्या आम्हाला शेताच्या बांधावर घेऊन गेली. तिथं बाभळीखाली एक बसका दगड होता. "तू पुरायचं म्हनत हुतास न्हवं," ती म्हणाली. "राख वड्यात सोडली, पर मूठभर हितं पुरलीया. म्या कुनाला सांगितलं न्हाई. आमची मानसं वरडली असती." पप्पा दगडाजवळ बसले. पुढच्या ईस्टरला आम्ही चुन्याची बादली घेऊन परत आलो. बांधावर चुना लावलेला दगड बघून गावातल्या लोकांनी तिथं शेंदूर कधी लावणार म्हणून विचारलं. आत्यानं त्यांना काय सांगितलं ते इथं लिहिता येणार नाही.

आता भिंतीजवळच्या त्या मोकळ्या जागेत पप्पा आहेत आणि शेजारी आई. ईस्टरच्या पहाटे मी तासगावला जाते, दोघांना चुना लावते. बेदाण्यांचा हंगाम तेव्हा चालूच असतो. कबरस्तानापर्यंत तो वास येतो आणि काही वेळ मला कुणीतरी मलमल पिळत असल्यासारखं वाटत राहतं. बादलीत थोडा चुना मी मुद्दाम उरवते आणि वडूजची एसटी धरते. बांधावर आता बाभूळ नाही. दगड आहे. आत्याचीही मूठभर राख तिच्या सांगण्यावरून तिथंच आहे. चुना लावून घरी गेलं की आत्याची सून पाण्याचा तांब्या घेऊन दारात येते. "फुलपात्र देते की, ताई," ती दर वेळी म्हणते.

मी तळवा खोलगट करून पुढं धरते, खाली डावा हात. ती ओतते.